लाल फुगा आणि नदीपलीकडची शाळा : आमच्या आरटीई प्रवेशाचे आठ महिने

आमच्या गच्चीवरून मुलीची शाळा दिसते. मधे फक्त मुळा-मुठा. सकाळी वारा तिकडून असला की प्रार्थनेच्या आधीची घंटासुद्धा ऐकू येते. पण तिथं पोचायला पुण्यातल्या केशवनगरातून मुंढवा चौक, मग पूल, मग खराडीतून परत मागं, असा साडेचार-पाच किलोमीटरचा वळसा आहे आणि मुंढव्याच्या चौकात गाडी अडकली तर पाऊण तास कुठं गेला कळत नाही. या शाळेत आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, पहिलीचा प्रवेश मिळायला आम्हाला डिसेंबर २०२३ पासून जुलै २०२४ च्या अखेरीपर्यंत आठ महिने लागले. हे लिहितेय डिसेंबर २०२४ मध्ये, पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू व्हायच्या तोंडावर. आमच्या गल्लीतल्या तिघींनी माझ्या फाइलचे फोटो काढून नेले, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच ठेवावं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी ब्लाउज शिवते. हे मांजरीच्या उपबाजारातून टेम्पोनं भाजी पोचवतात. आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर, आणि एसटी यायची ती शाळा भरून तास झाल्यावर. सातवीनंतर वर्गातल्या मुलांनी सायकली घेतल्या, आम्ही मुली घरी बसलो. आमच्याच घरातला चुलतभाऊ मामाकडं नगरला राहिला, तिथल्या शाळेत गेला आणि आज पुण्यात इंजिनिअर आहे. अभ्यासात तो माझ्यापेक्षा फार पुढं होता असं नाही, तेव्हाही सगळे हे बोलून दाखवायचे. त्याला शहरात राहायला जागा होती, मला नव्हती. लग्नानंतर मी १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून दहावी केली. मुलीच्या शाळेसाठी मी एवढी धडपड का केली, त्याचं कारण इथं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, "पोरीला पुढच्या वर्षी पहिलीला वय बसतंय, आरटीईचा फॉर्म भरा." ३१ डिसेंबर २०२४ ला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, ती होत होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत, आणि आठवीपर्यंत त्यांना फी नाही. आम्ही इतर मागास वर्गात, म्हणजे वंचित गटात. या गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. खुल्या गटातल्यांना तहसीलदारांचा एक लाखाच्या आतला उत्पन्न दाखला लागतो. हा फरक नीट समजून घ्या. आमच्या शेजारणीनं दोन्ही दाखल्यांसाठी धावपळ केली आणि तिला लागणार होता एकच.

जन्मदाखला, फोटो, आधार हे सगळं घरात होतं. अडलं ते रहिवासी पुराव्यावर.

रेशनकार्ड गावचं. मतदान कार्ड गावचं. लाइटबिल घरमालकाच्या नावावर. बँकेचं पासबुक पतसंस्थेचं, ते चालत नाही, राष्ट्रीयीकृत बँकेचं लागतं. केशवनगरात आम्ही सात वर्षं राहतोय, दुकानदार नावानं ओळखतो, पण आम्ही इथं राहतो असं सांगणारा एकही कागद आमच्याकडं नव्हता. भाडेकरूला मग एकच रस्ता उरतो. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला, अकरा महिन्यांचा भाडेकरार. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला करार चालत नाही. आणि त्याची तारीख अर्ज भरण्याच्या आधीची हवी. अर्ज सुरू झाल्यावर करार करायला धावलेले दोन जण मी पाहिले. त्यांना त्या कराराचा उपयोग झाला नाही.

तेव्हाची आमची खोली पत्र्याची, भाडं साडेपाच हजार. मालकांना करार मागितला तर म्हणाले, "सात वर्षं झाली, कधी काही कागद केला का? आता कशाला?" यांनी दोनदा समजावलं, मी एकदा मालकिणीशी बोलले. त्यांना भीती होती की नोंदणी केली तर कर वाढेल, किंवा आम्ही खोलीवर हक्क सांगू. मला त्यांचा राग आला होता, पण ती माणसं वाईट नव्हती. शेवटी डिसेंबरात आम्ही खोल्या बघायला लागलो आणि प्रत्येक ठिकाणी भाड्याच्या आधी विचारायचो, "नोंदणी करार करून द्याल का?" नऊ ठिकाणी 'नाही' असंच ऐकलं. दहाव्या ठिकाणी एक काकू भेटल्या, शाळेत शिपाई होत्या, निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "शाळेसाठी ना? देते." भाडं सात हजार. म्हणजे महिन्याला दीड हजार जास्त, अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार. खोली जुन्या खोलीपेक्षा लहानच आहे. ते पैसे आम्ही पत्त्यासाठी भरले.

५ जानेवारी २०२४ ला करार झाला. आता हे काम एजंट घरी येऊन करतात, लॅपटॉपवर फोटो काढतात, मशिनवर अंगठा घेतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, हाताळणीचे तीनशे, मुद्रांक शुल्क आमच्या भाड्याला दोनशेच्या आत, वर एजंटचे बाराशे. नोंदणी फी काकू आणि आम्ही निम्मी निम्मी भरणार होतो, पण त्यांनी आमचे पाचशे घेतलेच नाहीत, "तुमचं काम आहे, पण माझ्या घराचा कागद आहे," म्हणत हजार स्वतः टाकले. करारात नाव, आधारवरचं स्पेलिंग, सर्व्हे नंबर, पिनकोड हे अंगठा लावायच्या आधी वाचा. आमच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं, तिथल्या तिथं दुरुस्त झालं. नंतर ते होत नाही, सगळं परत करावं लागतं.

मग जातीचा दाखला. यांचा जुना दाखला घर बदलताना कुठं तरी गेला. नवा काढायचा तर तो मूळ गावच्या उपविभागातूनच निघतो, पुण्यातून नाही. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. यांचे वडील त्यानंतर जन्मले, आजोबा शाळेतच गेले नाहीत. तीन दिवस गावाकडं विचारपूस केल्यावर कळलं की आजोबांचे धाकटे भाऊ दोन वर्षं शाळेत गेले होते. त्यांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली नोंद, काढायला मीच गेले, कारण यांची गाडी बंद ठेवली तर दिवसाचे पैसे बुडतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं तेही परवडलं. वाकडेवाडीहून पहाटेची गाडी धरली.

गावच्या शाळेत मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. कापडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. मी शिकले तीच खोली, फक्त खाली आता फरशी आहे. सरांनी बोट फिरवत फिरवत १९५८ सालचं पान काढलं. निळ्या शाईत चुलत आजोबांचं नाव, जात, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात दोन शब्द : 'गुरे राखणे'. मी ते पान बराच वेळ बघत राहिले. मग उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, सगळं जोडून महा ई-सेवा केंद्रातून अर्ज केला. फी थोडीच असते, पण झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, येणं-जाणं धरून बाराशेच्या घरात गेलं. एकदा 'वंशावळीवर सही नाही' म्हणून अर्ज परत आला. दाखला हातात पडला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. ज्यांचं मूळ गाव लांब आहे त्यांनी हे काम दिवाळीतच करून घ्यावं, गावी तसंही जाणं होतंच.

ही सगळी धावपळ चालू असताना मध्येच नियम बदलला. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं राजपत्र काढलं की ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. आम्हाला याचा अर्थ कळायला १६ एप्रिल उजाडावा लागला. त्या दिवशी अर्ज सुरू झाले. मी नेटकॅफेत बसून पत्ता भरला, पुढचं पान उघडलं आणि यादीत फक्त महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा आल्या. शहरात कुठल्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नसते? महापालिकेच्या शाळेत तर अर्ज न करताही प्रवेश मिळतो. कॅफेवाला दादा म्हणाला, "ताई, सकाळपासून पाचवे पालक तुम्ही, सगळे असेच परत गेले." मीही फॉर्म तसाच सोडून घरी आले. त्या रात्री आम्ही दोघं फारसं बोललो नाही. साडेसोळा हजाराचा हिशोब दोघांच्याही डोक्यात होता.

काही पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या होत्या. ६ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या बदलाला स्थगिती दिली. मला हे संध्याकाळी एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं, त्या ब्लाउज न्यायला आल्या होत्या. जुन्या नियमानं परत अर्ज मागवले गेले, १७ मे पासून. आधी भरलेले अर्जही धरले जाणार नव्हते, सगळ्यांनी नव्यानं भरायचे. मुदत ३१ मे होती, ती ४ जूनपर्यंत वाढली.

आता अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पत्ता टाकला की नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल फुगा येतो. तो ओढून बरोबर आपल्या घरावर आणायचा असतो. पोर्टल तिथून प्रत्येक शाळेचं अंतर मोजतं, तेही रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. एक किलोमीटरच्या आतल्या शाळा पहिल्या, एक ते तीनच्या मधल्या नंतर. सोडतीतही जवळच्या मुलांचा विचार आधी होतो. फुगा कितीही वेळा हलवता येत नाही, संधी मोजक्याच असतात, म्हणून घाई करू नका. मी आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन मोबाइलवर आपलं ठिकाण आणि उपग्रहाचं चित्र जुळवून ठेवलं होतं. काकूंच्या घराचा निळा पाण्याचा टाका चित्रात स्पष्ट दिसतो. फुगा त्या टाक्यावर ठेवला.

यादी उघडली आणि एक किलोमीटरच्या आत तीन शाळा आल्या. त्यांतल्या दोन नदीपलीकडच्या. नकाशाला नदी पाणी म्हणून दिसते, अडथळा म्हणून नाही. आमच्या जुन्या खोलीपासून, म्हणजे याच रस्त्यावर नदीपासून आत, त्याच दोन शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जातात. हे मी नंतर त्या जुन्या शेजारणीच्या अर्जावर पाहिलं. तिचं घर आमच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर, तिची मुलगी आमच्या मुलीच्याच अंगणवाडीतली, पण त्या शाळांसाठी ती दुसऱ्या रांगेत गेली. आम्ही करारासाठी खोली बदलली होती, अंतराचा विचारही तेव्हा केला नव्हता. तिनं सगळे कागद माझ्याआधी जमवले होते. तिच्या मुलीला नंबर लागला नाही. हे लिहिताना मला अजून जड जातं.

तेव्हा खोली बदलणारच असाल तर आधी नकाशात बघा की एक किलोमीटरच्या आत कोणत्या शाळा येतात. पण खोटा पत्ता किंवा फुगा भलतीकडं असं करू नका. पडताळणीत सापडलं तर प्रवेश जातो आणि ज्या पोराची जागा होती त्याचाही जातो. एकाच मुलाचे दोन अर्जही भरू नका, दोन्ही बाद होतात. दहा शाळा निवडता येतात. आम्ही सातच निवडल्या, जिथं रोज ने-आण करता येईल तेवढ्याच. नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत संधी नाही, म्हणून जिथं जाणं जमणार नाही ती शाळा टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ज भरून झाला की अर्ज क्रमांक आणि पासवर्ड दोन ठिकाणी लिहून ठेवा. कॅफेचे शंभर रुपये सोडले तर अर्जाला पैसे लागत नाहीत.

राज्यभरात सुमारे १ लाख ५ हजार जागा होत्या आणि अर्ज आले २ लाख ४२ हजारांवर. ७ जूनला सोडत निघाली. निघाली, पण जाहीर झाली नाही, कारण प्रकरण कोर्टात होतं. नंबर लागलाय की नाही ते यंत्रात ठरलेलं आणि आम्हाला माहीत नाही, असे सहा आठवडे गेले.

१५ जूनला शाळा सुरू झाल्या. मुलीला घरी बसवायचं नव्हतं, म्हणून आम्ही तिला जवळच्या महापालिकेच्या शाळेत घातलं. हा निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं. अनेक पालकांनी जुलैपर्यंत मुलं घरीच ठेवली, त्यांची सवय मोडली. काहींनी घाबरून खाजगी शाळेत फी भरून टाकली आणि ती परत मिळाली नाही. महापालिकेच्या शाळेतल्या बाई फार चांगल्या होत्या. वर्गात कुंभारवाड्यातली बरीच मुलं, बाई त्यांना घरून माती आणायला सांगायच्या आणि सगळा वर्ग मिळून अक्षरं मातीची करायचा. मुलीनं घरी आणलेला मातीचा 'ग' अजून माझ्या शिलाई मशिनवर आहे. एकदा मीच यांना म्हटलं, "राहू द्यावं का इथंच?" हे म्हणाले, "सातवीनंतर काय?" ती शाळा सातवीपर्यंतच आहे. सातवीनंतर काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९ जुलैला उच्च न्यायालयानं फेब्रुवारीचा तो बदल रद्दच केला आणि २० जुलैला, शनिवारी, यादी लागली. मेसेजची वाट बघू नका. मेसेज मला सोमवारी आला, त्याआधी शनिवारी रात्रीच मी पोर्टलवर अर्जाची स्थिती बघून ठेवली होती. पान उघडत नव्हतं, सारखं फिरत होतं. साडेअकराला उघडलं. नदीपलीकडची शाळा, एक किलोमीटरच्या आत, निवड झाली. हे झोपले होते. मी उठवलं नाही, थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभी राहिले. पलीकडं शाळेच्या फाटकावरचा एक दिवा चालू होता.

प्रवेशाची मुदत २३ ते ३१ जुलै. आधी पडताळणी समितीकडं जाऊन कागद तपासून घ्यायचे, मग शाळेत. पोर्टलवरून प्रवेशपत्र आणि हमीपत्र छापून घ्यायचं, सगळ्या मूळ कागदांबरोबर झेरॉक्सचे दोन संच. २४ तारखेला मी रांगेत दहाला उभी राहिले, दुपारी अडीचला नंबर आला. समोरच्या मॅडमनी करार उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "इंडेक्स टू कुठाय?" मला शब्दही माहीत नव्हता. नोंदणी झाल्यावर जो एक पानाचा गोषवारा मिळतो, दस्त क्रमांकासकट, त्याला इंडेक्स टू म्हणतात. एजंटनं आम्हाला कराराची प्रत दिली होती, ते पान दिलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ते आणा, मगच पुढं." रागावल्या नाहीत, पण सोडलंही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, पुण्यात पूर आला. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्याकडची घरं पाण्यात, शाळांना सुट्टी, अर्धं शहर बंद. आमच्या गच्चीवरून नदी तपकिरी होऊन दोन्ही काठ खात चाललेली दिसत होती. काकू छत्री घेऊन माझ्या बाजूला उभ्या होत्या. एजंटचा फोन लागत नव्हता. ३१ तारीख सहा दिवसांवर, त्यातला एक रविवार. मी त्या दिवशी फार रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. आठ महिन्यांचं सगळं एका पानाशी येऊन थांबलं होतं.

शनिवारी एजंट भेटला. त्याच्या दुकानात पाणी शिरलं होतं, कागद वाळत घातले होते, पण इंडेक्स टू त्याच्या ईमेलमध्ये होतं. दहा रुपयांत छापून दिलं. करार झाला त्याच दिवशी हे पान मागून घ्या. २९ ला पुन्हा रांग, या वेळी दोन तासांत काम. मॅडमनी माझ्यासमोर पोर्टलवर नकाशा उघडला, फुगा कुठं आहे ते पाहिलं, करारावरचा सर्व्हे नंबर ताडून पाहिला आणि सही केली. मग म्हणाल्या, "फुगा बरोबर ठेवलाय. लोक कुठंही ठेवतात, मग आम्हालाच वाईट वाटतं."

३० ला शाळेत. ऑफिसातले सर सुरुवातीला तुटक बोलले. शाळेला या मुलांमागं सरकारकडून वर्षाला १७,६७० रुपये मिळायला हवेत आणि ते वेळेवर येत नाहीत, अनेक वर्षांची रक्कम थकलेली आहे, हे त्यांनी मला सांगितलं. ते खरं आहे, मला त्यांची अडचण कळते. पण लगेच त्यांनी उपक्रम फी, डायरी, आयकार्ड असे साडेसहा हजार मागितले. मी म्हटलं, "सर, लेखी द्या, मी भरते." लेखी दिलं नाही आणि पुन्हा मागितलंही नाही. हे वाक्य मला वस्तीतल्या एका अनुभवी बाईंनी शिकवलं होतं, तुम्हीही लक्षात ठेवा. आवाज चढवायचा नाही, फक्त लेखी मागायचं. पुस्तकं आणि गणवेश कायद्यानं मोफत आहेत, तरी गणवेशाचे दोन जोड, बूट, पीटीचा ड्रेस यांचे आमचे ३,४०० गेले, कारण दीड महिना उशिरा आलेली पोर वेगळ्या कपड्यात वर्गात बसवायला मन झालं नाही. व्हॅनचे महिन्याला दीड हजार. जाण्या-येण्याचा खर्च आरटीईत धरलेला नाही. लॉटरी लागली म्हणजे सगळं फुकट असं समजून कोणी हिशोब करू नये.

महापालिकेच्या शाळेतून दाखला काढायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "जाऊ दे, चांगलं झालं. पण वाचन सोडू देऊ नका तिचं." मग त्यांनी मला वर्गाच्या पटावरचा तिचा नंबर दाखवला. पेन्सिलीनं लिहिलेला होता. म्हणाल्या, "जूनमध्येच कळतं मला कोण जाणार. पेन्सिलीनं लिहिते."

पहिले दोन महिने कठीण गेले. वर्गात सगळं इंग्रजीत, मुलगी घरी येऊन गप्प बसायची. मी रोज रात्री एक तास मशिन बंद ठेवून तिच्याबरोबर बसते, शब्द दोघी एकदमच शिकतो. दिवाळीनंतर ती वर्गात हात वर करायला लागली असं तिच्या टीचरनी सांगितलं. नदीवर केशवनगर ते खराडी असा नवा पूल बांधायचं काम हे लिहिताना चालू आहे. तो झाला तर पोर चालत शाळेत जाईल. तोवर व्हॅन सव्वासातला येते.

४ डिसेंबरला आमचा करार संपला. काकूंनी भाडं साडेसात हजार सांगितलं, आम्ही हो म्हटलं. परवा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशिन घेऊन परत आला. यांचा अंगठा भाजीच्या पोत्यांनी घासून गेलाय, मशिन तीनदा घेईना. काकूंनी खोबरेल आणून दिलं, ते लावून पुसलं, मग चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. मी एजंटला म्हटलं, "इंडेक्स टू आत्ताच पाठवा, मी थांबते." तो मोबाइलवर पाठवेपर्यंत मी त्याला चहा दिला आणि पान उघडून सर्व्हे नंबर वाचून घेतला.